तीन घरांची आत्या

आत्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते चौथीच्या पालकसभेत. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसली होती आणि मी गृहपाठाविषयी काहीतरी सांगत होते. शेवटच्या बाकावरच्या एका बाईनं शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा सदरा पोटापाशी चिमटीत धरला होता आणि ती त्याचं बटण लावत होती. सदरा मुलाच्या अंगातच होता, आणि मुलगा श्वास रोखून उभा होता. माझं बोलणं संपलं तसा तिनं दोरा दातानं तोडला आणि त्याला म्हणाली, "घे आता श्वास." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकत होते हो बाई. हात गुंतले होते, कान मोकळे होते."

"तुम्ही याच्या आई का?"

"आत्या. आई असती तर पोराला असं उघड्या पोटानं पाठवलं असतं का?"

या गोष्टीला इतकी वर्षं झाली की तो मुलगा आता टकला व्हायला लागला आहे.

सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते आणि एकेरीत हाक मारते, म्हणून मीही इथं एकेरीतच लिहिते आहे. मला मात्र ती आजही 'अहो बाई' म्हणते. पोराची आई तो लहान असतानाच गेली. भाऊ छापखान्यात कामाला, सकाळी गेला की अंधार पडल्यावर परत. आत्याचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं. "ते जरा पुढं ढकललं," ती सांगते, "मग आणखी पुढं ढकललं, आणि मग इतकं पुढं गेलं की दिसेनासंच झालं."

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या टेलरची काज-बटणं ती घरी आणून करायची. पुढं मशिनीची काजं आली तरी जाड कोटांची काजं टेलर तिच्याकडेच पाठवत राहिला. बटणाच्या मुळाशी ती दोऱ्याचे दोन-चार वेढे देऊन त्याला जराशी मान ठेवायची. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? म्हणाली, "अगदी आवळून बसवलं की पहिल्या ओढीला तुटतं. थोडं हलू द्यावं लागतं."

काजाला उजेड लागतो. म्हणून भावानं तिला माडीवरची नदीकडची खोली दिली होती. खिडकी मोठी, खाली पाणी, आणि पाण्यावरचा उजेड दिवसभर छतावर हलत असायचा. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा मी भेटायला गेले होते. टेलरही आला होता. भाऊ मुलाला म्हणाला, "वरची खोली ताईची. ती आहे तोवर." मुलानं मान हलवली. लिहिलंबिहिलं कुणी नाही. घरातल्या घरात कोण लिहून ठेवतं?

आमची गल्ली म्हणजे एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी घरं. खाली दगड, वर लाकूड, आणि मधे इतका चिंचोळा जिना की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला आधी हाक द्यायची. तरुण माणसं कामाच्या मागं बाहेर पडली, आणि एकेका दाराला कुलूप लागत गेलं. माझ्या शाळेत शेवटी शेवटी दोन वर्ग एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून बसायचे. तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांनी ही पाहुण्यांची कल्पना काढली. गल्लीनं मिळून समिती करायची, घरं नीट राखायची, आणि जुनं घर बघायला येणाऱ्यांना घरातच उतरवायचं. मिळकतीतला एक वाटा गल्लीचा.

पोस्टमास्तरांचा नियम एकच, पण कडक. "लॉज काढायचं असेल तर स्टँडवर काढा. इथं पाहुणा येईल तो घर बघायला. घर म्हणजे भिंती नव्हेत. घरात घरची माणसं राहती पाहिजेत, आणि घराची गोष्ट सांगणारं एक तरी जुनं माणूस पाहिजे. पगारी माणूस बसवलेलं चालणार नाही."

मी या सगळ्यावर नाक मुरडणार नाही. गटार बांधलं गेलं. दिवे आले. वाचनालयाचं छप्पर गळायचं थांबलं आणि तिथंच एका बाजूला डॉक्टर बसायला लागले. दोन घरांची कुलुपं निघाली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भाच्याचा तेव्हा छापखाना बंद पडला होता. बापाच्या जागी लागलेला मुलगा, दुसरं काही शिकलेला नाही. बायको हुशार, बोलण्यात गोड आणि कामाला वाघ. त्यांनी घर पाहुण्यांना खुलं केलं. माडीवर दोन खोल्या होत्या. गल्लीकडची अंधारी पाहुण्यांना दाखवली. पाहुण्यांनी ती पाहिली, आणि जाता जाता शेजारच्या उघड्या दारातून नदी पाहिली. मग अंधाऱ्या खोलीत कोण राहतंय?

"मला काय, आडवं पडायला चार हात जागा पुरे," आत्या म्हणाली.

माणूस असं बोलतं तेव्हा ऐकणाऱ्यानं ते लगेच खरं मानायचं नसतं. पण घराला गरज होती, त्यामुळे मानलं गेलं. सून म्हणाली, "पाहुणे असतील तेवढ्यापुरतंच हं, आत्या." सुरुवातीला होतंही तसंच. पाहुणे गेले की आत्या वर, आले की खाली. नदीकडची मिळाली की पाहुणे बरोबरच्या मंडळींसाठी अंधारीही घ्यायचे. मग पाहुण्यांमधली फट बुजत गेली. आधी तिचं अंथरूण खाली राहिलं, मग सुईदोऱ्याचा डबा, मग ट्रंक. जिन्याखाली एक बाज टाकली आणि पुढं पडदा लावला.

एकदा मी चहाला गेले असताना एका पाहुण्यानं चपलांची जागा समजून तो पडदा उचलला. आत्या आत पडली होती. म्हणाली, "चपला बाहेर ठेव रे बाबा. इथं मला ठेवलंय." पाहुणा शरमला. सून हसली, आत्याही हसली. भाचा जिन्यावर पाठमोरा होता. तो हसला की नाही, मला दिसलं नाही.

आणि गंमत अशी की घर चाललं ते आत्यामुळे. संध्याकाळी दाराच्या पायरीवर ती बसायची आणि पाहुणे भोवती. कुणाचं सैल झालेलं बटण दिसलं की सदरा काढून घ्यायची आणि सुई चालवता चालवता बोलायची. तिची सगळ्यांत आवडती गोष्ट भावाची. लहानपणी परीक्षेच्या दिवशी तो धान्याच्या रिकाम्या पिंपात लपून बसला होता. सगळी गल्ली शोधायला निघाली. आई शोधून शोधून थकली आणि त्याच पिंपाच्या झाकणावर बसून रडायला लागली. "आईला रडताना ऐकून पोराला बाहेर यावंसं वाटायला लागलं," आत्या सांगायची, "पण येणार कसं? झाकणावर आईच बसलेली. शेवटी पिंपातून शिंक आली." इथं ती थांबायची, दोऱ्याला मेण लावायची आणि पाहुण्यांना हसू द्यायची.

एक मध्यमवयीन जोडपं आलं होतं. त्यातल्या बाईंना ही गोष्ट इतकी आवडली की त्या हसता हसता रडायला लागल्या. जाताना त्यांनी आत्याला मिठी मारली.

कोपऱ्यावरच्या घरात नर्स राहते. नवरा बसचा ड्रायव्हर. त्यांचं घर समितीत आलं आणि त्याच वर्षी तिचे सासरे गेले. दोघंही कामावर, त्यामुळे पाहुणे यायचे तेव्हा घरात चिटपाखरू नसायचं. नर्स आत्याकडे आली. "आत्या, दुपारचं तेवढं आमच्याकडे बसशील का गं? पाहुण्यांना दार उघडायचं, चार गोष्टी करायच्या." पुढं पलीकडच्या घड्याळजीनंही तेच विचारलं. तो एकटा, आणि बोलणं म्हणजे अंगावर काटा. पाहुण्यानं "कसे आहात?" विचारलं तरी तो घड्याळाकडे बघायचा.

आत्या दोन्हीकडे हो म्हणाली. मी तिला म्हटलं, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. कशाला एवढा व्याप?"

तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "अहो बाई, नर्सच्या घरी खिडकीशी खाट आहे. जिन्याखाली बल्ब लावला तरी काज धड दिसत नाही. टेलरनं मागच्या खेपेला दोन कोट परत पाठवले. आजवर कधी पाठवले नव्हते." आणि लगेच, "सोन्याला सांगू नका. त्याला वाटेल मी तक्रार करते." सोन्या म्हणजे भाचा.

तेव्हापासून मला तिची काळजी वाटायला लागली. ती तीन घरांत बसत होती आणि तिघांचीही घरची होती. तिची स्वतःची अशी जागा मात्र पडद्यामागची ती बाजच होती.

नर्सच्या घरी पाहुणे विचारायचे, इथले आजोबा कसे होते? आत्याला ते आजोबा माहीत होते ते एवढेच, की मान खाली घालून जायचे आणि मान खाली घालून यायचे. यात गोष्ट कुठून काढणार? म्हणून तिनं त्यांना पिंपात बसवलं. घड्याळजीकडे त्याच्या बापाला बसवलं. पिंपं सगळ्याच घरांत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मला हे कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "आयुष्यभर तोंडातून शब्द काढला नाही त्या माणसानं. मेल्यावर एक शिंक दिली मी त्याला. काय बिघडलं?"

बिघडायचं ते पुढच्या वर्षी बिघडलं. ते मध्यमवयीन जोडपं पुन्हा आलं, या वेळी मित्रमंडळी घेऊन. भाच्याचं घर भरलेलं होतं, म्हणून ती मंडळी नर्सकडे उतरली. दुपारी खिडकीशी आत्या कोट घेऊन बसलेली. बाईंना आनंद झाला. "आत्या, तुम्ही इथं?" "आलेय जरा बसायला," आत्या म्हणाली. तेवढ्यात त्यांच्या मैत्रिणीनं विचारलं, "या घराची काही आठवण सांगा ना." आत्याचं लक्ष काजात होतं. त्या खिडकीशी बसलं की जे सांगायची सवय झाली होती, तेच तोंडातून निघालं. नर्सचे सासरे, परीक्षा, पिंप. शिंकेपर्यंत येऊन ती दोऱ्याला मेण लावायला थांबली, तर कुणीच हसलं नव्हतं. वर पाहिलं तर त्या बाईंचा चेहरा उतरलेला.

"तो तुमचा भाऊ होता ना?" त्यांनी विचारलं. "की भाऊ नव्हताच?"

"होता," आत्या म्हणाली. "पिंपात तोच होता."

पण आता ते कोण खरं मानणार? बाई रागावल्या नव्हत्या, हेच वाईट. पोस्टमास्तरांकडे जाऊन त्या म्हणाल्या, "मी घरी गेल्यावर आजारी आईला ती गोष्ट सांगितली होती. किती दिवसांनी हसली ती. आता आई नाही. मला एवढंच सांगा, त्यातलं खरं काय होतं?"

पोस्टमास्तरांना झोंबलं. त्यांनी वाचनालयात सभा बोलावली. मी जुनी शिक्षिका म्हणून मला नेहमी बोलावतात. आत्या दाराजवळच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला रिकाम्या हातांनी बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

"घरचं माणूस उसनं आणायचं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"वाटीभर साखर आणतो, तसंच आणलं," घड्याळजी म्हणाला. एरवी न बोलणारा माणूस नेमका तेव्हा बोलला.

भाचा घाबरला होता. आपलंही घर यात बुडणार असं त्याला वाटत होतं. तो उठून म्हणाला, "आत्या आमची आहे. माझ्या बापाची सख्खी बहीण. यांनी परस्पर नेली. आमच्या घराचा यात काय दोष?"

नर्स ड्युटीवरून तशीच आली होती. ती म्हणाली, "तुमची ना? मग तिची खोली दाखवा. आमच्याकडे तिला दुपारची खाट तरी आहे. तुमच्याकडे पडदा आहे. म्हातारं माणूस पडद्यामागं ठेवायचं आणि संध्याकाळी पायरीवर आणून बसवायचं. उसनी आम्ही आणली होय?"

पोस्टमास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "आत्या, तुझी खोली कुठली गं?"

"जिन्याखाली गारवा असतो," आत्या म्हणाली. "मीच मागून घेतलीय ती जागा. पोराला बोल लावू नका."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वरची नदीकडची खोली आत्याची. हिच्या भावानं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाई," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

ठरलं ते असं. नर्सचं आणि घड्याळजीचं घर तूर्त बंद. भाच्याचं घर चालू राहील, पण आत्या आपल्या खोलीत राहिली पाहिजे. त्या पाहुण्या बाई बाहेर थांबल्या होत्या. पोस्टमास्तर त्यांना म्हणाले, "भाऊ खरा, पिंप खरं. बाकीची दोन पिंपं उसनी." त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. ती मंडळी पुन्हा आली नाहीत.

घरी जाताना आत्या माझ्याबरोबर चालत होती. मला वाटलं, आता बरं वाटत असेल. ती म्हणाली, "कशाला बोललात बाई? चार लोकांत पोराची मान खाली गेली."

"आणि तुझी जागा?"

"जागेचं काय. पोराला वाढवला तो मान खाली घालायला नव्हे."

भाच्यानं त्याच दिवशी तिची ट्रंक स्वतः उचलून वर नेली. आत्या पुन्हा नदीच्या उजेडात बसली. मी दोनदा जाऊन आले. खोली तीच होती, छतावर हलणारा उजेडही तोच, पण ती खिडकीकडे पाठ करून बसायची आणि खालच्या आवाजांकडे कान लावायची. नर्स तिला रस्त्यात ओळख देईनाशी झाली होती. अंधारी खोली कुणी घेत नव्हतं. भाचा नोकरीसाठी चार ठिकाणी जाऊन आला, सगळीकडे त्याच्यापेक्षा तरुण माणसं रांगेत. पायरीवरच्या संध्याकाळी संपल्या. पायरीवर बसायचं तर कुणासाठी?

एक दिवस सून खाली फोनवर बोलत होती. सून वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. आत्या आजारी पडली तेव्हा उशाशी तीच बसली होती. पण घर चालवायचं ओझं तिच्याच अंगावर होतं. आत्या पाणी प्यायला उतरत होती आणि जिन्यात तिच्या कानावर पडलं, "नाही हो, नदीकडची खोली सध्या देता येत नाही. घरात जरा अडचण आहे." जुना जिना, प्रत्येक पायरी वाजते. सुनेनं वर पाहिलं. फोनवरचं माणूस बोलतच होतं.

आत्या तशीच खाली आली, पाणी प्याली, आणि चपला घालून टेलरकडे गेली. त्याच्या दुकानावर एक खोली आहे, चिंध्यांच्या गाठोड्यांनी भरलेली. टेलर मला नंतर म्हणाला, "मी विचारलं, किती दिवसांसाठी? तर म्हणते, गाठोडी हलव आधी."

भाचा तिला न्यायला आला. खूप बोलला. "आत्या, लोक काय म्हणतील?" असं म्हणाला, आणि मग "मी काय सांगू बाबांना?" असंही म्हणाला, जणू ते छापखान्यातून संध्याकाळी घरी येणार होते. तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. "खोली मी तुला दिली असं सांग. दिलेली वस्तू परत मागत नाहीत." त्यानं तिचा हात धरून ठेवला होता. तो तिनं हळूच सोडवून घेतला.

मी पोस्टमास्तरांना भेटले. ते अस्वस्थ होते. नियम त्यांनीच केला होता, आणि नियमाप्रमाणे आता भाच्याच्याही घरात जुनं माणूस उरलं नव्हतं. समितीत यावर अजून वाद चालू आहे. तोवर नदीकडच्या खोलीत पाहुणे उतरतात आणि पोस्टमास्तर त्या घरावरून जाताना मान वळवतात. मला त्यांचा राग येत नाही. गटार त्यांनीच बांधून घेतलं.

टेलरच्या दुकानावरची खोली लहान आहे. खिडकीतून नदी दिसत नाही, बाजारातल्या पत्र्यांची छपरं दिसतात. उजेड मात्र भरपूर आहे. टेलरनं तिचे कोट परत पाठवणं बंद केलं आहे. मी गेले की ती चहा करते, पायातल्या कळांविषयी बोलते, गल्लीतल्या कुणाचं काय चाललंय ते बारकाईनं विचारते. पिंपाची गोष्ट मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलेली नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "ती आता राहू द्या बाई. फार हात लागलेत तिला."

दुपारी ती दाराला आतून कडी लावून झोपते, आणि उठली तरी कडी तशीच असते. भाचा रोज संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन येतो, दार वाजवतो, आणि ती उठून कडी काढेपर्यंत बाहेर उभा राहतो.